चहाच्या रंगाचा समुद्र

सर,

मी तुमची बदनामी करत होते. थोडीथोडकी नाही, आठ-नऊ वर्षं, गावोगावी, हातात माइक आणि मागे पडद्यावर स्लाइड. तुमचं नाव कधी घेतलं नाही, एवढंच काय ते पुण्य. ‘आमच्या शाळेतले चित्रकलेचे एक सर’ असं म्हणायचे आणि सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या आपापल्या शाळेतले सर आठवून माना हलायला लागायच्या. तुम्ही हयात असतात तर कुणीतरी तुमच्या कानावर घातलंच असतं, कारण वसईत गोष्ट लपत नाही, मग ती स्टेशनजवळच्या बिल्डिंगांमधली असो की तुमच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. पण मी पहिल्यांदा ही गोष्ट व्यासपीठावरून सांगितली त्याच्या बऱ्याच आधी तुम्ही गेला होतात. गेलेल्या माणसाबद्दल बोलणं सोपं असतं, तो मध्येच हात वर करून प्रश्न विचारत नाही.

आधी माझं काम काय ते सांगते, तुम्हाला ऐकायला आवडलं असतं. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. सर्जनशीलता कुठून येते, कलावंताचं मन कसं चालतं, यावर पुष्कळ लोक अभ्यास करतात. मी उलट्या टोकाने सुरुवात केली. लहानपणी सगळीच मुलं चित्रं काढतात, भिंती रंगवतात, आणि मग त्यातली बहुतेक एक दिवस थांबतात. ती का थांबतात, हा माझा विषय. मी मोठ्या माणसांना भेटते, बँकेतली, दवाखान्यातली, भाजीच्या मळ्यातली, आणि त्यांना विचारते की तुम्ही शेवटचं चित्र कधी काढलंत आणि त्या दिवशी काय झालं. माणसं आधी हसतात. मग आठवतात. मग बहुतेक जण एक वाक्य सांगतात, कुणीतरी मोठ्या माणसाने बोललेलं. ‘हा काय घोडा आहे का?’ असं एखादं. ते वाक्य त्यांना तीस-तीस वर्षांनी जसंच्या तसं पाठ असतं. त्यावरून मी मांडणी केली की मोठ्यांचं एक वाक्य मुलाचा हात कायमचा थांबवू शकतं. मांडणी लोकांना पटली. मला बोलावणी येऊ लागली.

आणि प्रत्येक वेळी सुरुवात तुमच्यापासून. दिवे मंद होतात, पडद्यावर एक कोरा कागद येतो, त्यावर मोठी लाल फुली. मी म्हणते, मी आठवीत होते. आमच्या वसईचा समुद्र कधी निळा नसतो, खाडीचं पाणी, गाळाचं पाणी, त्याला दुधाच्या चहाचा रंग. मी तो तसाच रंगवला, चहाच्या रंगाचा. सरांनी कागद हातात घेतला, त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारली आणि म्हणाले, समुद्र निळा असतो. इथे मी थांबायचे. किती वेळ थांबायचं तेही मला सवयीने कळलं होतं. सभागृहातून ‘च्च’ असा आवाज येईपर्यंत. मग मी म्हणायचे, त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. एकदा एका बाईंनी डोळे पुसायला रुमाल काढला होता. मी मनात म्हटलं, चला, आजचं भाषण जमलं.

खरं तर तुमच्या वर्गात मला मजा यायची, हे मी कुठेच सांगत नव्हते. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही दारातून येता, दोन्ही हात मागे बांधलेले, शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल. तुमच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास, कारण शाळा सुटली की तुम्ही भावाच्या होडीवर आणि शेजारपाजारच्या होड्यांवर नावं रंगवायला जाता. आम्ही एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारी बारा-पंधरा मुलं. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा एक पेपर असतो, बाजार, बस स्टॉप, समुद्रकिनारा असं काहीतरी आठवून काढायचं. बाकीच्या शाळांतली मुलं ठरावीक चित्रं घोटून जायची. तुमची पद्धत वेगळी. तुम्ही म्हणायचात, स्मरणचित्र म्हणजे मनाने काढायचं चित्र नव्हे. आधी जायचं, बघायचं, मग घरी येऊन आठवायचं. जे बघितलं नाही ते आठवणार कसं? आणि बघायला जाताना पेन्सिल घरी ठेवायची. हातात पेन्सिल असली की माणूस बघायचं सोडून काढायला लागतो, हे तुमचं म्हणणं. आम्हाला तेव्हा ते खूळ वाटायचं. आता मी याच गोष्टीवर लांबलचक शब्द वापरून तासभर बोलू शकते.

तर यंदाच्या हिवाळ्यात वसईतल्याच एका कॉलेजने एक दिवसाचं चर्चासत्र ठेवलं आणि मला बोलावलं. माझं गाव म्हणून मी जरा नटूनथटूनच गेले. पहिल्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, नाकात मोठी नथ नाही की काही नाही, साधी पातळ जरीकाठाची साडी, मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं कुणा प्राध्यापकाची आई असेल. मी नेहमीप्रमाणे दिवे मंद करायला सांगितले, फुली दाखवली, थांबले. ‘च्च’ आलं. पहिल्या रांगेतून मात्र काही आलं नाही. त्या बाई पडद्याकडे बघत होत्या, पाटीवरचं न येणारं गणित बघावं तशा.

चहाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. सोबत त्याच कॉलेजात शिकणारी नात होती. नात म्हणाली, मॅडम, ही माझी आजी, तुमच्या शाळेत माझे आजोबा चित्रकला शिकवायचे. माझ्या हातातला वडा हातातच राहिला. आमच्या शाळेत चित्रकलेचे सर एकच होते.

त्या तुमच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी. काकी रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, “बाय, बोललीस छान. पर ती फुलीची गोष्ट दुसऱ्या कोनाची असंल. आमच्या यांनी कोनाच्या कागदावर फुली नाय मारली कधी. म्हनायचे, पोराचा कागद हाय, माझा नाय.”

मी काहीतरी पुटपुटले, की आठवणी अशाच असतात, त्यांच्यात सरमिसळ होते वगैरे. वर्गात शिकवते तेच. काकींनी ते ऐकून घेतलं. मग पिशवीतून पुठ्ठ्याची एक जुनी फाईल काढली. वर तुमच्या अक्षरात, होड्यांवर काढायचात त्या वळणदार अक्षरात, एकच शब्द लिहिलेला: पुन्हा.

“पुन्हा काढून आना म्हनून सांगितलेली चित्रं हायत ही,” त्या म्हणाल्या. “ज्यांनी आनली नाय त्यांची. हे शेवटपर्यंत सांभाळून होते. म्हनायचे, आनतील कधीतरी. आता माझं काय खरं नाय, म्हनून जो भेटेल त्याचा त्याला देते. पोरीने तुझं नाव वाचलं कॉलेजात, म्हनून आले.”

आतून त्यांनी दोन कागद काढले. मागे माझं नाव, आठवी ब.

सर, दुपारच्या सत्रात माझ्यानंतर कोण काय बोललं ते मला विचारू नका. मी मागच्या खुर्चीत बसून ते दोन कागद बघत होते. पहिल्यावर समुद्र निळा होता. निळाभोर, कॅलेंडरवर असतो तसा, दोन डोंगरांच्या मध्ये अर्धा सूर्य, डावीकडे तीन माड, पाण्यावर शिडाची एक होडी, जी वसईत मी आजतागायत पाहिलेली नाही. फुली कुठेच नव्हती. खाली उजव्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात, लाल पेन्सिलीने तुम्ही लिहिलं होतं: ‘हा कुठला समुद्र? पाचूबंदरला जाऊन बघ. पेन्सिल नेऊ नकोस.’ दुसऱ्या कागदावर समुद्र चहाच्या रंगाचा. त्यावर एक अक्षरही नव्हतं.

म्हणजे निळा मी रंगवला होता. तो तसा नसतो हे सांगणारे तुम्ही होतात. मी गोष्ट उलटी करून, तुमच्या तोंडी माझं अज्ञान घालून आणि माझ्या हातात तुमची नजर देऊन, गावभर टाळ्या मिळवत होते. यात मी मुद्दाम खोटं बोलले का? नाही, शपथेवर सांगते, मला ती फुली दिसायची. अजूनही डोळे मिटले तर दिसते. पण माझ्या धंद्यातल्या माणसाने हे कारण पुढे करावं, याची मला लाज वाटते.

मग दुसरा कागद बघता बघता ते सगळं परत आलं. रविवारची दुपार आहे. आम्ही तेव्हा नुकतेच बिल्डिंगमध्ये राहायला आलो आहोत, बाबांची नोकरी मुंबईला, आईचं माहेर सोलापूरकडचं. मी आईला म्हणते की सरांनी पाचूबंदरला जायला सांगितलंय. आई कणीक मळता मळता म्हणते, कुठे जातेस त्या बोंबलांच्या वासात, उगाच आपलं. मला तेवढंच हवं असतं. टीव्हीवर काहीतरी लागणार असतं. मी ओट्याजवळ खाली बसते, कागद पसरते. माझ्या बाकावर बसणारी मुलगी पाचूबंदरची, तिने शनिवारीच सांगितलेलं असतं की आमचा समुद्र मातकट असतो गं, चहासारखा. आईने चहा टाकलेला असतो. मी पातेल्यात डोकावून बघते आणि तो रंग कालवते. अर्ध्या तासात समुद्र तयार. होड्या पाण्यावर डौलात उभ्या.

सोमवारी तुम्ही कागद हातात घेता. बराच वेळ बघता. “रंग बरोबर आहे,” म्हणता. मी फुगते. मग विचारता, “केव्हा गेली होतीस?”

“काल. पाच वाजता.”

“पाणी कुठपर्यंत होतं?”

“पार वरपर्यंत, सर. होड्यांना लागलेलं.”

वर्गात पाचूबंदरची पोरं फिदीफिदी हसतात आणि मला कळत नाही का. तुम्ही वर्गात जपून बोलायचात, पण मनाला लागलं की घरची बोली यायची. “काल अमावास्या होती,” तुम्ही हळू आवाजात म्हणता. “पाच वाजता पानी पार बाहेर गेलेलं असतं. होड्या चिखलात कललेल्या असतात.” ज्यांच्या घरात भरती-ओहोटीवर चूल पेटते त्यांना भरतीची थाप मारायला निघालेली मी एकटीच शहाणी. तुम्ही कागद पालथा घालून टेबलावर ठेवता आणि म्हणता, “पुन्हा.” एवढंच. ओरडलात नाही, आईला चिठ्ठी पाठवली नाहीत. माझे कान मात्र संध्याकाळपर्यंत गरम होते.

मी पुन्हा काढलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. मग एलिमेंटरीला बसायचं नाही असं घरी सांगून टाकलं, अभ्यास फार आहे म्हणून. शेवटच्या तासाला तुम्ही मला थांबवून एक ब्रश दिला होतात, तुमचा स्वतःचा, सहा नंबरचा, लाकडी दांड्याला तुमच्या बोटांनी गुळगुळीत झालेली जागा. “घरी असू दे,” म्हणालात. मी तो स्वयंपाकघरात ठेवला आणि आई त्याने आंबोळीच्या तव्यावर तेल फिरवायला लागली. दोन वर्षं फिरवत होती. हा ब्रशही मी कधी कुठल्या भाषणात आणला नाही. तो आला असता तर फुली टिकली नसती.

मी का थांबले, याचं उत्तर आता माझ्याकडे आहे आणि ते माझ्या मांडणीत कुठेच बसत नाही. मला कुणी दुखावलं नव्हतं. मला कंटाळा आला होता. रिक्षा करून किंवा सायकल मारत तिथपर्यंत जा, उन्हात उभं राहा, नुसतं बघा, परत या, आठवा, काढा, आणि तरी जमेल याची खात्री नाही, एवढे कष्ट मला नको होते. आणि पकडले गेल्याची लाज होती. कंटाळा आणि लाज यांच्यावर कुणी रुमाल काढत नाही, म्हणून मी त्यांची एक लाल फुली केली असणार.

माझी एक सहकारी आहे, हुशार आहे. तिला हे सगळं सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, “अगं, हे तर आणखी भारी आहे! संशोधिकेची स्वतःचीच आठवण खोटी निघाली. दोन्ही चित्रं स्कॅन करून टाक स्लाइडमध्ये, लोक वेडे होतील.” क्षणभर माझ्या मनातही स्लाइड तयार झाली, सर. आधी निळा, मग चहाचा, मग काकींचं वाक्य. कुठे थांबायचं तेही दिसलं. आणि मला स्वतःचा असा काही राग आला की मी लॅपटॉप बंद केला.

त्याऐवजी मी जुन्या मुलाखती काढल्या. ज्या माणसांना भेटले होते त्यातल्या जमेल तेवढ्यांकडे परत गेले आणि एक जादा प्रश्न विचारला: त्या दिवशी तुम्ही स्वतः काय केलं होतंत? एक गृहस्थ म्हणाले, मी त्याच दिवशी मित्राची वही फाडली होती, हे मात्र विसरलो होतो. पण सगळेच माझ्यासारखे नव्हते, तेही सांगायला हवं. वसईतल्याच होळी भागात भाजीचा मळा करणाऱ्या एका बाईंनी मला कपाटातून खरोखरचा फाडलेला कागद काढून दाखवला, चार तुकडे, चिकटवलेले. त्यांची फुली खरी होती. मी माझी खोटी फुली मिरवत असताना अशा खऱ्या फुल्यांची किंमत कमी करत होते, हे मला तेव्हा कळलं. तुमच्याइतकाच मी त्यांचाही अपराध केला.

गेल्या महिन्यात मोठ्या परिषदेत निबंध वाचायचा होता. आयोजकांनी आधीच कळवलं होतं, ती समुद्राची गोष्ट नक्की सांगा. मी उभी राहिले आणि दिवे मंद करायला सांगितले नाहीत. म्हटलं, ही गोष्ट मी आजवर चुकीची सांगितली. सरांनी फुली मारली नव्हती. मी न बघता चित्र काढलं, वर भरतीबद्दल खोटं बोलले, आणि त्यांनी मला पुन्हा काढायला सांगितलं. मी काढलं नाही. ‘च्च’ वगैरे काही आलं नाही. मागे कुणीतरी खोकलं. शेवटी एका तरुण प्राध्यापकाने विचारलं, मॅडम, मग या उदाहरणातून निष्कर्ष काय काढायचा? मी म्हटलं, अजून माहीत नाही. इतकं खरं उत्तर मी व्यासपीठावरून बहुधा पहिल्यांदाच दिलं. आता बोलावणी कमी येतील. येऊ देत कमी.

आणि मग, तुम्ही सांगितल्यावर किती वर्षांनी ते तुम्हीच मोजा, मी पाचूबंदरला गेले. मुद्दाम अमावास्येला, मुद्दाम पाचच्या सुमाराला. पेन्सिल नेली नाही. रिक्षावाल्याने विचारलं, किल्ल्यात जायचंय का, मी म्हटलं नाही, पुढे. पाणी खरंच पार बाहेर गेलेलं. होड्या एका कुशीवर कलून झोपल्यासारख्या, त्यांच्या बुडाला लागलेला ओला गाळ, दोरांवर पाखरं. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि तो वास मला आवडला, आईची क्षमा मागून सांगते. लांबवर पाण्याची पट्टी दिसत होती. ती चहाच्या रंगाची नव्हतीच. तिच्यात करडा होता, थोडा जांभळट काहीतरी होतं, कडेला ऊन पडलं तिथे पितळेसारखं. एका जुन्या होडीवरची अक्षरं तुमच्या वळणाची वाटली, पण त्यावर नव्या रंगाचे इतके हात फिरले होते की खात्रीने सांगता येईना. मी तासभर उभी होते. मासे निवडणारी एक बाई दोनदा विचारून गेली, “कोन हवंय गो?” मी म्हटलं, कुणी नाही, नुसती बघतेय. तिला ते पुरेसं वाटलं नाही, पण ती हसली.

घरी येऊन चार दिवस खपून मी चित्र काढलं. होड्या लहान मुलाने काढाव्यात तशा आल्या, पण पाणी बरं आलं. ते घेऊन काकींकडे गेले. काकींनी चष्मा लावला आणि कागद खिडकीशी नेला. मग म्हणाल्या, “गेलेलीस तू. रंगावरून कळतंय. असंच दिसतं पानी, हे गेल्यापासून मी रोज बघते.” फाईलमध्ये तुम्ही केलेली नावांची यादी होती, तिच्यातल्या माझ्या नावावर त्यांनी रेघ ओढली, नातीला स्टुलावर चढवलं आणि माझं चित्र भिंतीवर, तुमच्या हार घातलेल्या फोटोच्या शेजारी लावून घेतलं. मला चहा दिला. मी तिथे बसून तुमच्याकडे बघणं टाळत चहा प्यायले.

कारण पेन्सिल मी नेली नव्हती हे खरं आहे, सर, पण मोबाइल नेला होता. निघताना पाण्याचे तीन फोटो काढले आणि तो करडा, तो जांभळट, तो पितळेचा रंग घरी टेबलावर फोटो उभा करून, मोठा करून करून कालवला. काकींना हे सांगितलेलं नाही. भिंतीवरचं ते चित्र आता मीच उतरवून आणायला हवं, आणि येत्या अमावास्येला मोबाइल घरी ठेवून जायला हवं. हे पत्र कुठे पाठवायची सोय नाही. ते त्या फाईलमध्येच ठेवलं असतं, पण फाईल काकींकडे आहे, आणि काकींना वाचता येतं.